तो दिवा खोटं बोलत नव्हता

परवा भाचा सांगत होता, अणुभट्टीत बिघाड झाला तर नेमकं काय बिघडलंय ते ओळखणारी मशीन लर्निंगची मॉडेल्स तयार होताहेत. आणि नुसतं निदान पुरत नाही, ते कशावरून केलं हेही मॉडेलने सांगावं असा तज्ज्ञांचा आग्रह आहे. "मावशी, उत्तर बरोबर आलं की झालं ना? कारण कशाला हवं?"

मला एकदम थ्री माइल आयलंडचा दिवा आठवला.

२८ मार्च १९७९. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात, सस्क्वेहाना नदीतल्या बेटावरची २ नंबरची अणुभट्टी. पहाटे ४ वाजता पाण्याचे पंप बंद पडले, दाब वाढला, दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडला. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे. काही सेकंदांत तो मिटायला हवा होता, पण अडकला, आणि भट्टीला थंड ठेवणारं पाणी त्यातून जायला लागलं. कंट्रोल रूममधला त्याचा दिवा मात्र विझलेला, म्हणजे 'बंद'. गंमत (कसली गंमत!) अशी, की तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवतच नव्हता. 'बंद हो' असा हुकूम गेलाय, एवढंच तो सांगत होता.

त्यात शंभरावर अलार्म एकदम वाजायला लागले. प्रेशरायझरमधली पातळी वर चाललेली, म्हणून पाणी जास्त झालंय असं समजून ऑपरेटर्सनी आपत्कालीन पाणीच कमी केलं. त्यांना हसू नका, शिकवलंच तसं होतं. व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपचं चढलेलं तापमानही त्यांनी पाहिलं होतं. पण तो व्हॉल्व्ह आधीपासूनच थोडा गळत होता, तेव्हा तापमान जास्त असणारच! शेवटी ६:२२ ला, नंतर आलेल्या सुपरवायझरला शंका आली आणि त्याच वाटेवरचा दुसरा व्हॉल्व्ह बंद झाला. पुढे कळलं, गाभ्याचा जवळजवळ निम्मा भाग वितळला होता.

चुटपुट लागते ती याची, की सप्टेंबर १९७७ मध्ये ओहायोतल्या डेव्हिस-बेसे केंद्रात असाच व्हॉल्व्ह अडकला होता. तिथे वीसेक मिनिटांत लक्षात आलं. ते शहाणपण इथपर्यंत पोचलंच नाही.

चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते जॉन केमेनी, बेसिक भाषेच्या दोन जनकांपैकी एक. (शाळेत बेसिकमध्ये पाढे छापलेत ना? तीच.) आणि १९८२ मध्ये आयडाहोच्या विल्यम नेल्सन यांनी अपघाताचं निदान करणारी 'रिअ‍ॅक्टर' ही एक्स्पर्ट सिस्टीम मांडली. जर-तरचे नियम, माणसाला वाचता येणारे. आजची मॉडेल्स नियमांवर नाही, आकड्यांवर शिकतात. तेही बहुतेक सिम्युलेटरच्या, कारण खरे अपघात (नशिबाने) मोजकेच.

आता समजा, त्या पहाटे असं मॉडेल असतं आणि त्याला तोच दिवा जोडलेला असता. 'व्हॉल्व्ह बंद' असंच म्हणालं असतं ते. पण 'बंद, कारण दिवा विझलाय; पाइपचं तापमान मात्र उलट सांगतंय' असं म्हणालं असतं, तर कुणीतरी विचारलं असतं, त्या दिव्याला जोडलंय तरी काय?

अपघातानंतर अमेरिकेत व्हॉल्व्हची खरी स्थिती थेट दाखवणारी सोय सक्तीची झाली. भाच्याला हे सगळं लिहून पाठवलंय. उत्तर अजून आलेलं नाही.