ह्युएन-त्संगच्या मरुमार्गाचा मागोवा : ग्रंथ, नकाशा आणि वाळू

चिनी भिक्खू ह्युएन-त्संग याचे नाव महाराष्ट्रातील बौद्ध वाचकांना नवे नाही. दुसऱ्या पुलकेशीच्या काळी, इ.स. ६४१ च्या सुमारास, तो महाराष्ट्रात येऊन गेला. त्याने वर्णिलेला डोंगरातील भव्य विहार म्हणजे अजिंठा होय, असे बहुतेक विद्वान मानतात. परंतु भारतातून स्वदेशी परतताना मध्य आशियातील तकलामकान वाळवंटाच्या दक्षिण कडेने तो ज्या मार्गाने गेला, त्याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. त्या मार्गाचा शोध पुढे कसा घेतला गेला आणि त्यातून इतिहासाच्या अभ्यासकाने काय घ्यावे, हे प्रस्तुत लेखात आम्ही पाहणार आहोत.

ह्युएन-त्संग इ.स. ६४५ मध्ये चांगआन येथे पोहोचला व पुढील वर्षी त्याचा प्रवासग्रंथ पूर्ण झाला. त्याच्यापाशी नकाशा नव्हता. मात्र एका स्थळापासून दुसरे स्थळ कोणत्या दिशेस व किती 'ली' अंतरावर आहे, याची नोंद तो काटेकोरपणे करीत असे. स्थूलमानाने पाच-सहा ली म्हणजे एक मैल होय. या नोंदींच्या आधारेच कनिंगहॅमने भारतातील अनेक विस्मृत बौद्ध स्थळांचा शोध घेतला. हीच पद्धत वाळवंटात नेली ती ऑरेल स्टाईन याने. स्टाईनच्या मध्य आशियातील पहिल्या तीन मोहिमा इ.स. १९००-०१, १९०६-०८ व १९१३-१६ अशा झाल्या.

इ.स. १९०० च्या डिसेंबरात तुर्दी नावाच्या स्थानिक वाटाड्याच्या साहाय्याने स्टाईन खोतानच्या ईशान्येस दंदान-उइलिक येथील भग्नावशेषांपाशी पोहोचला. तेथे सापडलेल्या एका चित्रफलकावर मुकुट घातलेला, उंदराचे मुख असलेला राजा होता. दुसऱ्यावर शिरोभूषणात रेशीमकिड्यांची अंडी लपवून आणणारी राजकन्या होती. या दोन्ही खोतानी कथा ह्युएन-त्संगने आपल्या ग्रंथात लिहून ठेवल्या आहेत. त्याने ऐकलेले वाळूने जपून ठेवले होते.

तथापि, ग्रंथ आणि भूमी यांचा मेळ सर्वत्र इतक्या सहज बसत नाही. नियापासून पूर्वेस सुमारे चारशे ली अंतरावर तुखारांचा जुना देश असून तो दीर्घकाळ ओसाड आहे व त्याची नगरे उद्ध्वस्त झाली आहेत, असे ह्युएन-त्संग सांगतो. हे अंतर एंदेरे येथील अवशेषांशी जुळते. परंतु इ.स. १९०१ मध्ये स्टाईनला तेथे जो किल्ला आढळला, त्यातील भिंतीवर इ.स. ७१९ चा चिनी लेख होता. म्हणजे ह्युएन-त्संग गेल्यानंतर पाऊणशे वर्षांनी तेथे माणसे राहत होती. मग भिक्खूची नोंद चुकीची मानावी काय? त्या वेळी घाईने निर्णय दिला असता, तर तो अन्यायाचा ठरला असता. इ.स. १९०६ मध्ये स्टाईन पुन्हा तेथे गेला, तेव्हा पूर्वीच्या वस्तीचे खरोष्ठी लेख मिळाले. किल्ल्याच्या तटाखालील जुन्या थरातही असा लेख निघाला. वस्ती प्रथम होती, नंतर ती उजाड झाली आणि पुन्हा वसली. मधल्या ओसाड काळात ह्युएन-त्संग तेथून गेला होता. त्याची साक्ष खरी होती, पण ती त्याच्या काळापुरती होती.

नकाशांचीही हीच गत आहे. स्वेन हेदिनने इ.स. १८९६ मध्ये केरिया नदीच्या कडेने तकलामकान ओलांडले व त्या मार्गाचा नकाशा काढला. तोच नकाशा हाती घेऊन स्टाईन इ.स. १९०८ च्या आरंभी उत्तरेकडून दक्षिणेस निघाला. नदी जेथे भेटावयास हवी होती, तेथे कोरडे पात्र होते. मधल्या काळात प्रवाहाने मार्ग बदलला होता. माणसे व उंट संकटात सापडले. अखेरीस फेब्रुवारीत गोठलेली नदी दिसली व प्राण वाचले. हेदिनचा नकाशा खोटा नव्हता. नदीच पुढे निघून गेली होती.

आता स्टाईनच्या वाटेचाही मागोवा घेतला जात आहे. त्याच्या मोहिमांतील सर्वेक्षणांवरून सिद्ध झालेले ४७ नकाशे इ.स. १९२३ मध्ये डेहराडून येथून प्रसिद्ध झाले. जपानच्या राष्ट्रीय माहितीविज्ञान संस्थेतील संशोधकांनी त्याचे जुने नकाशे उपग्रहचित्रांवर बसवून पाहिले, तेव्हा स्थळांच्या स्थानांत तफावत आढळली आणि ती सर्वत्र सारखी नव्हती. अक्षांश सूर्य व ताऱ्यांच्या उंचीवरून काढता येतो. रेखांशासाठी मात्र अचूक वेळ लागते आणि उंटाच्या पाठीवरील हिंदकळणारी घड्याळे दगा देतात. म्हणून अशा नकाशात केवळ एका बिंदूवर विसंबून चालत नाही; शेजारची टेकडी, कोरडे पात्र व स्तूप यांचा परस्परसंबंध पाहून स्थळ निश्चित करावे लागते.

हे नकाशे स्टाईनच्या नावाने ओळखले जातात; परंतु त्यांतील रेघा ओढणारे हात रामसिंग, लालसिंग यांसारख्या भारतीय सर्वेक्षकांचे होते. त्यांच्याहून वेगळा नाईक रामसिंग हा सैन्यातील कारागीर. इ.स. १९०८ मध्ये मिरान येथील बौद्ध भित्तिचित्रे काढण्याचे काम करीत असता त्याची दृष्टी कायमची गेली. इतिहास लिहिताना ही किंमत कोणी मोजली, हे नोंदविणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. इ.स. १९०७ मध्ये तुनहुआंग येथे स्टाईनने ह्युएन-त्संगचे नाव सांगून तेथील रक्षक वांग याचा विश्वास संपादन केला व अल्प मोबदल्यात हजारो हस्तलिखिते नेली. इ.स. ८६८ चा मुद्रित वज्रच्छेदिका ग्रंथ त्यांतलाच; तो आज लंडनमध्ये आहे. ह्युएन-त्संगनेही भारतातून ६५७ ग्रंथ नेले होते. परंतु त्याने ते गुरुचरणी बसून अभ्यासिले आणि उरलेले आयुष्य त्यांतील वचने आपल्या लोकांच्या भाषेत आणण्यात वेचले. मार्ग एकच असला, तरी त्यावरून चालणाऱ्यांचा हेतू एक नव्हता.

तथागतांनी धम्माला 'एहिपस्सिक' म्हटले : या आणि स्वतः पाहा. इतिहासाच्या अभ्यासालाही हे वचन लागू पडते. जुना ग्रंथ व जुना नकाशा यांवर आंधळा विश्वास ठेवू नये. त्याचप्रमाणे पहिली विसंगती दिसताच ते फेकूनही देऊ नयेत. भूमीवर जाऊन पाहावे व गरज पडल्यास पुन्हा जावे. एंदेरे येथे दुसऱ्यांदा जाणे घडले नसते, तर एका सत्यवचनी भिक्खूवर असत्याचा ठपका कायम राहिला असता.