यंत्राचा हात आणि शस्त्रवैद्याचा हात

घरांतील वडीलधाऱ्यांच्या ज्या दुखण्यांविषयीं चारचौघांत बोलण्याचा संकोच वाटतो, त्यांपैकीं एक म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग. परवां माझे एक समवयस्क स्नेही दोन कागद घेऊन आले. एकावर नेहमींच्या शस्त्रक्रियेचा खर्च होता, दुसऱ्यावर रोबोटच्या साह्यानें होणाऱ्या शस्त्रक्रियेचा; आणि दोहोंत अंतर मोठें होतें. “मास्तर, जादा पैसे मोजून जादा काय मिळेल?” असें त्यांनीं विचारलें. मी वैद्य नव्हे. परंतु इतिहास शिकविण्यांत जन्म गेला, म्हणून उत्तरही इतिहासांतच शोधलें.

ही ग्रंथी मूत्राशयाखालीं, मोठ्या अडचणीच्या जागीं असते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत डॉक्टर ह्यू हॅम्पटन यंग यांनीं १९०४ सालीं कर्करोगासाठीं ती समूळ काढली. पुढें शस्त्रक्रियेच्या वाटा सुधारल्या. पण रक्तस्राव फार होई, आणि प्राण वाचला तरी पुष्कळांचें पुरुषत्व जाई, कित्येकांचा लघवीवरील ताबाही सुटे.

असें कां होतें, याचा उलगडा १९८१ सालीं हॉलंडमधील लायडन येथें झाला. जॉन्स हॉपकिन्सचेच डॉक्टर पॅट्रिक वॉल्श तेथें पीटर डोंकर या निवृत्त प्राध्यापकांस भेटले. मृत जन्मलेल्या अर्भकाच्या विच्छेदनांत दोघांस दिसून आलें कीं, पुरुषत्वाशीं संबंध असलेले मज्जातंतू ग्रंथीच्या आवरणाबाहेरून जातात. म्हणजे कर्करोग तेथवर पसरला नसेल तर ते राखतां येतात. पुढच्याच वर्षीं वॉल्श यांनीं बुद्धिपुरस्सर ते राखून शस्त्रक्रिया केली. या सुधारणेच्या मुळाशीं नवें हत्यार नव्हतें, शरीररचनेचें नवें ज्ञान होतें.

रोबोट आला तो त्यानंतर. ‘दा विंची’ नांवाच्या यंत्रास अमेरिकेंत २००० सालीं परवानगी मिळाली, आणि डेट्रॉइट येथें भारतीय वंशाचे डॉक्टर मणि मेनन यांनीं प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेंत त्याचा प्रसार केला. नांवावरून वाटतें तसें हें यंत्र आपण होऊन कांहीं करीत नाहीं. शस्त्रवैद्य बाजूस बसून विशाल व सखोल दिसणाऱ्या चित्रांत पाहतो. त्याच्या बोटांची हालचाल, हाताचा कंप वगळून, लहान छिद्रांतून आंत गेलेल्या हत्यारांकडे पोहोंचते.

दोहोंची रीतसर तुलना ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथें झाली. २०१० ते २०१४ या काळांत ३२६ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्या तसे, दोन गटांत वाटले गेले. यंत्राच्या गटांत रक्तस्राव सरासरी सुमारें ४४३ मिलिलिटर झाला, उघड्या शस्त्रक्रियेंत १३३८. यंत्राच्या गटांतील रुग्ण घरींही लौकर गेले. परंतु बारा आठवड्यांनीं आणि दोन वर्षांनींही लघवीवरील ताबा व पुरुषत्व यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाहीं. कर्करोग परतण्याच्या बाबतींतही यंत्र श्रेष्ठ, असा निकाल या प्रयोगावरून देतां येत नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. प्रत्येक पद्धतीसाठीं शस्त्रवैद्य एकच होता. उघडी शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या गांठीं पंधराशेंहून अधिक शस्त्रक्रियांचा अनुभव होता. यंत्र चालविणाऱ्याच्या गांठीं यंत्रावरील दोनशेंचा.

मीं हें सर्व स्नेह्यांस सांगितलें आणि म्हटलें, “कमी रक्तस्राव व लौकर घरीं येणें हे लाभ खरे आहेत, ऐपत असेल तर ते जरूर घ्यावेत. परंतु त्यासाठीं घर गहाण टाकूं नका. आधीं डॉक्टरांस विचारा कीं, अशा किती शस्त्रक्रिया आपल्या हातून झाल्या, आणि त्या रुग्णांची पुढें स्थिति कशी राहिली?”

त्यांनीं खर्चाचे कागद खिशांत घातले, माझ्याकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि त्यावर हे दोन प्रश्न लिहून नेले.