प्रोस्टाग्लँडिन : एका चुकलेल्या नावाचा इतिहास

चुकीच्या समजुतीतून पडलेले नाव समजूत दूर झाल्यावरही टिकते, याचे ‘प्रोस्टाग्लँडिन’ हे ठळक उदाहरण होय. १९३५ साली स्वीडनमधील उल्फ फॉन ऑयलर यांनी वीर्यात आढळलेल्या द्रव्यास, ते प्रोस्टेट ग्रंथीतून येते असे मानून, हे नाव दिले. १९५९ मध्ये एलियासन यांनी त्याचा मुख्य उगम रेताशयात असल्याचे दाखविले. नाव मात्र रूढ झाले ते झालेच.

पुरुषग्रंथीचे नाव धारण करणारे हेच द्रव्य स्त्रीच्या बीजांडकोशातही निपजते. त्यास संप्रेरक म्हणावे, तर ते रक्तावाटे दूर न जाता उगमस्थानीच कार्य करते. १९७२ साली आर्मस्ट्राँग व ग्रिनविच यांनी इंडोमेथासिन देऊन उंदरांत त्याची निर्मिती रोखली, तेव्हा बीजोत्सर्गच थांबला. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीचा आदेश पोहोचला तरी या द्रव्यावाचून बीजपुटकाची भिंत फुटत नाही.

ही गोष्ट प्रयोगशाळेपुरती राहिली नाही. संधिवातावर अशी वेदनाशामके नित्य घेणाऱ्या काही स्त्रियांत पाळी नियमित येते, परंतु बीज पुटकातच कोंडून राहते व गर्भधारणा होत नाही. औषध थांबविल्यावर बीजोत्सर्ग बहुधा पूर्ववत होतो.