कशेळी ते कार्ला : जावळाच्या प्रवासाचा इतिहास

कशेळी हे भिवंडी तालुक्यातील खाडीकाठचे गाव. उल्हास नदी कल्याण ओलांडून समुद्राकडे वळते, तिचे पात्र रुंदावते आणि पाण्याला खारटपणा येतो, त्या टापूत ते वसले आहे. पलीकडच्या तीरावर ठाण्याचे बाळकुम. कशेळी, काल्हेर, कोपर, पूर्णा या पट्ट्यात आगरी आणि कोळी वस्ती जुनी. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी हे तिचे पिढीजात धंदे. या समाजांतील असंख्य घरांचे कुलदैवत मात्र खाडीकाठी नाही. ते सह्याद्री ओलांडून घाटावर, मावळात, कार्ल्याच्या डोंगरावर आहे. त्यामुळे इथल्या मुलाचा पहिला लांबचा प्रवास बहुधा एकाच कारणाने घडत आला : एकवीरा आईच्या पायाशी जावळ काढण्यासाठी.

निव्वळ हवापालटासाठी किंवा डोंगर पाहण्यासाठी तान्ह्या मुलाला घेऊन बाहेर पडणे ही कल्पना या भागात अगदी अलीकडची. देवाचे बोलावणे असल्याखेरीज एवढ्याशा मुलाला कोणी घाटावर नेत नसे. पण नवस फेडायला निघालेल्या या माणसांनी वाटेतला निसर्ग पाहिला नाही, असेही म्हणता येत नाही. कशेळीच्या खाडीला मिळणारे गोडे पाणी ज्या डोंगरांतून येते, त्याच डोंगरांकडे हा रस्ता जातो. उल्हास नदी राजमाचीच्या परिसरात उगम पावते. कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण असा तिचा उतार आहे. जावळाला निघालेले कुटुंब आपल्याच नदीच्या उलट दिशेने चालत घाटाच्या पायथ्याशी पोहोचते. घाट चढला की पाणी दुसरीकडे वाहू लागते. तिथली इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला मिळते आणि ते पाणी थेट पूर्व किनाऱ्याला जाते.

वाट नवसापेक्षा जुनी आहे. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. कोकणातली बंदरे आणि दख्खनच्या बाजारपेठा यांना जोडणाऱ्या व्यापारी मार्गालगत ते कोरले गेले. तिथल्या दानलेखांत सोपाऱ्याचे नाव येते. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा, याच खाडीच्या मुखापासून फार लांब नाही. खाडीकाठच्या माणसाने घाट चढून कार्ल्याला काही अर्पण करावे, ही रीत तेव्हापासूनची. देवता, धर्म आणि अर्पणाची वस्तू बदलली, एवढेच. चैत्यगृहाच्या तोंडाशीच एकवीरेचे मंदिर आहे आणि पांडवांनी ते एका रात्रीत बांधले अशी कथा भाविक सांगतात.

जावळ हा सोळा संस्कारांपैकी चौलाचा लोकव्यवहारातला अवतार. जन्माचे केस पहिल्या, तिसऱ्या किंवा पाचव्या वर्षी, म्हणजे विषम वर्षी काढतात. मूल मामाच्या मांडीवर बसते, नाभिक केस उतरवतो आणि बऱ्याच घरांत आत्या ते खाली पडू न देता झेलते. मामाकडून नवे कपडे येतात, आईची ओटी भरली जाते, आणि आगरी-कोळी घरांत बोकडाचा किंवा कोंबड्याचा मान देऊन पायथ्याशी जेवणावळ उठते. ज्याच्यासाठी हे सगळे, त्याच्या वाट्याला मऊ भात. या विधीमुळे प्रवासाची माणसेही ठरलेली असत. मामा हवा, आत्या हवी, म्हणजे दोन्हीकडची घरे निघाली. एका मुलासाठी पंधरा-वीस माणसांचे बिऱ्हाड बाहेर पडे आणि त्याचा एक फायदा असा, की मूल कुणाच्या ना कुणाच्या कडेवर राही.

वयाची अट मात्र सोयीची नव्हती. पहिल्या वर्षाचे मूल झोळीत निजते, पाचव्या वर्षाचे चालते. तिसऱ्या वर्षाचे ना झोळीत राहते ना चालते. आणि बऱ्याच घरांत पहिले वर्ष आजारपणात, शेतीच्या कामात किंवा पैशाच्या अडचणीत हुकले की तिसरेच वर्ष गाठावे लागे.

रेल्वेपूर्वीच्या काळात या प्रवासाची पहिली अडचण म्हणजे घरासमोरचीच खाडी. कशेळीला पूल होण्याआधी ठाण्याकडे जाणे तरीवर अवलंबून होते. वर कल्याणला जायचे तरी होडी सोयीची. होडी चाले भरतीवर. म्हणून मुहूर्त पंचांगातून निघाला, तरी निघण्याची वेळ समुद्र ठरवी. भरती पहाटेची असेल तर मूल झोपेतच होडीत ठेवले जाई, आणि जाणती माणसे हीच वेळ पसंत करीत. कल्याणच्या पुढे बैलगाडी. तिच्यावर बांबूच्या तट्ट्याचे छप्पर, आत पेंढा, त्यावर गोधडी आणि छपराच्या आडव्या काठीला लुगड्याची झोळी. गाडीच्या हेलकाव्यांनी झोळी आपोआप हलते, त्यामुळे जागे मूल झोपी जाई आणि झोपलेले मूल सहसा उठत नसे.

बरोबरच्या गाठोड्यात काय असे, हे घरोघर थोडेफार सारखेच. सहाण आणि बाळगुटीची मुळी-फळे : वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हिरडा, सुंठ, हळकुंड. भाजलेल्या तांदळाची पिठी किंवा नाचणीचे सत्त्व, कारण पाणी उकळले की दोन्हींची पेज वाटेत कुठेही होते. पाण्याबद्दल धाक मोठा. पाणी बदलले की मुलाचे पोट बिघडते हा अनुभव होता, म्हणून पहिल्या दिवसापुरते घरचेच पाणी कळशीत नेत. काजळाची तीट, मनगटात काळा दोरा आणि गळ्यात बजरबट्टू हेही सामानातच धरायचे. यातल्या दृष्टीच्या वस्तूंनी प्रवास सुखाचा झाला की नाही हे सांगणे कठीण. उकळलेल्या पाण्याने मात्र नक्की झाला असणार.

या प्रवासात चढायचा घाट म्हणजे बोरघाट. त्याची जुनी वाट लमाणांच्या तांड्यांची आणि लष्कराची. १८०४ मध्ये जनरल वेलस्लीने तोफा नेण्यासाठी ती सुधारली. चाकाच्या गाडीला खऱ्या अर्थाने घाट खुला झाला तो १८३० मध्ये, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत. त्या वर्षी १० नोव्हेंबरला रस्ता सुरू झाला. घाटाच्या तोंडाशी खोपोलीला नाना फडणविसांनी त्याआधीच तलाव आणि महादेवाचे देऊळ बांधले होते. सोय कुठे करावी हे नेमके ओळखून केलेले ते काम आहे. चढ सुरू होण्यापूर्वी बैलांना पाणी पाजायचे, माणसांनी जेवायचे, मुलांना न्हाऊ घालायचे आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच घाटाला लागायचे. भर चढावर गाडी हलकी करण्यासाठी मोठी माणसे उतरून चालत; मुले आणि बाळंतिणी गाडीत राहत. वळणावळणावर चाकाला दगड लावून बैलांना दम खाऊ देत. याच थांब्यांवर मुलांना खाली उतरवले जाई आणि दरीतला धुराटलेला प्रदेश, नागफणीचा सुळका, पावसाळ्यानंतर उरलेले धबधबे त्यांना दाखवले जात.

आज ज्या जागांना पॉइंट म्हणतात, त्यांपैकी पुष्कळ जागा मुळात बैलांच्या दमाने ठरवल्या असाव्यात. निसर्ग घाटभर सारखाच आहे. पाहण्याची ठिकाणे झाली ती थांबणे भाग असलेली. १८३० च्या रस्त्यावरील दगडी पुलाचेही तसेच झाले. पुढे त्याच्यावर लागलेल्या बामच्या जाहिरातीवरून तो अमृतांजन पूल म्हणून ओळखला गेला, आणि कित्येक पिढ्यांतील मुलांनी दरी पहिल्यांदा पाहिली ती तिथून. द्रुतगती मार्गाला अडचण होते म्हणून एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, तो पाडण्यात आला. जुन्या रस्त्यावरचे शिंग्रोबाचे देऊळ अजून आहे. लोहमार्गाची वाट इंग्रज अभियंत्यांना दाखवणारा आणि त्याबद्दल प्राण गमावणारा धनगर, अशी त्याची आख्यायिका. चालक तिथे नाणे टाकतात; मूल बरोबर असेल तर नाणे त्याच्या हातून टाकवले जाते.

लोहमार्ग या प्रवासात तुकड्यातुकड्यांनी आला. १८५३ मध्ये गाडी ठाण्याला पोहोचली, १८५४ मध्ये कल्याणला, १८५६ मध्ये खोपोलीला. खंडाळा ते पुणे हा वरचा भाग १८५८ मध्ये सुरू झाला, पण मधला घाट तसाच राहिला. पुढची पाच वर्षे प्रवासी खोपोलीला उतरत, पालखीत, तट्टावर किंवा पायी घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. मूल घेऊन निघालेल्यांसाठी हा सर्वांत गैरसोयीचा काळ ठरला असावा, कारण सामान चारदा उतरवायचे आणि चारदा चढवायचे. १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग खुला झाला. ३७ फुटांत १ फूट असा त्याचा सर्वांत तीव्र चढ होता. हे काम घेतलेले कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट पुढे चालवले. कामावर एका वेळी ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीने आणि इतर साथींनी त्यांतले हजारो मेले. डोंगरातल्या त्या वस्त्यांत मजुरांची मुलेही होती. घाटातले सर्वांत खडतर बालपण त्यांचे, जावळाला येणाऱ्यांचे नव्हे.

रेल्वेने कशेळीच्या कुटुंबाचा दोन-तीन दिवसांचा प्रवास एका दिवसावर आणला आणि भरतीऐवजी वेळापत्रक आले. थांबे मात्र राहिलेच, कारण चढ राहिला. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडावी लागतात, त्यात काही मिनिटे जातात, आणि त्या मिनिटांवर कर्जतचा बटाटेवडा मोठा झाला. खंडाळ्याजवळ १९२९ पर्यंत एक उलट फिरण्याचे स्थानक होते. तिथे इंजिन एका टोकाहून काढून दुसऱ्या टोकाला लावत आणि गाडी उलट्या दिशेने पुढे जाई. लोणावळ्याला गुळ-शेंगदाण्याची चिक्की रुजली तीही रेल्वेमुळे. ती मजुरांच्या गुडदाणीपासून सुरू झाली असे सांगतात. दात आलेल्या मुलाला गप्प बसवण्यासाठी हा पदार्थ वापरला जाऊ लागला खरा, पण तिसऱ्या वर्षाच्या मुलाच्या घशात दाणा अडकू शकतो हे जुन्या बायकांना पक्के ठाऊक होते. त्या चिक्की कुटून देत. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, हा रेल्वेचा नियम एसटीतही आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेली ही सेवा हळूहळू सगळीकडे पसरली. एसटीच्या स्थानकांतल्या स्तनपानाच्या खोल्यांना पुढे हिरकणी कक्ष हे नाव मिळाले. तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या गवळणीचे नाव याहून योग्य ठिकाणी क्वचितच लागले असेल.

खाडीवर पूल झाल्यावर कशेळीचा प्रवास पुन्हा रस्त्यावर आला. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये होईपर्यंत मुंबई-पुणे रस्ता ठाणे, मुंब्रा, पनवेल असाच होता. कशेळीकरांना तो दारातून मिळाल्यासारखा. आधी ट्रक, मग टेम्पो आणि नंतर जीपगाड्या भाड्याने घेऊन घरे निघू लागली. टेम्पोत सतरंजी, मध्ये बाया आणि मुले, कडेने पुरुष, ढोलकी आणि एकवीरेची गाणी. यात मुले सुरक्षित होती असे म्हणवत नाही. २००२ मध्ये सुमारे ९४ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि घाट काही मिनिटांचा उरला. त्या मार्गावर मध्येच थांबायला बंदी आहे. मुलाला उलटी झाली, भूक लागली, तरी पुढचा फूड मॉल येईपर्यंत वाट पाहणे भाग. दीडशेहून अधिक वर्षे घाटाने लोकांना थांबायला लावले. आता थांबायचे असेल तर मुद्दाम खोपोलीवरून जुना रस्ता धरावा लागतो. लहान मूल घेऊन निघालेली पुष्कळ कुटुंबे तोच धरतात.

नियमही बदलले. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याने १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन बंधनकारक केले. तसे न केल्यास १,००० रुपये दंड आहे. दुचाकीवरच्या चार वर्षांपर्यंतच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाशी बांधणारा पट्टा हवा, असा नियम २०२२ मध्ये आला. मामाची मांडी देवळात चालते, गाडीत चालत नाही, हे सगळ्या घरांच्या अजून पचनी पडलेले नाही.

कशेळीतून निघण्याची वेळ आता ठरते ती गोदामांवरून. काल्हेर-कशेळी-पूर्णा पट्ट्यात भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली आणि पुलावर कंटेनरांच्या रांगा लागतात. शिवाय ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब याच रस्त्यावर उभे राहिले. मूल झोपेत असताना खाडी ओलांडायची, हा होडीच्या काळातला ठोकताळा त्यामुळे पुन्हा उपयोगी ठरला, आणि पहाटे चार-पाचला निघण्याची पद्धत पडली.

कार्ल्याला मुख्य यात्रा चैत्रात. शुद्ध षष्ठीला देवघरला भैरवनाथाची, सप्तमीला एकवीरेची पालखी. त्या दिवसांत मुंबई, ठाणे, रायगडच्या गावांतून पायी पालख्याही येतात आणि डोंगराच्या पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नसते. ऊन तापलेले, दगड तापलेला. म्हणून पालखी पाहायची एका वर्षी आणि जावळ काढायचे मार्गशीर्ष ते माघातल्या एखाद्या मोकळ्या दिवशी, अशी विभागणी सोयीची ठरते. गाडी डोंगराच्या निम्म्यापर्यंत जाते. उरलेल्या पायऱ्या मूल अर्ध्या चालते, अर्ध्या मामाच्या खांद्यावर बसून चढते.