सुप्याचा बाजार

चौफुल्याहून मोरगावला जाताना सुपे लागतं. १२ मे १८७५ ला इथे भर बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली आणि वह्या, कर्जखतं जाळली. राग मुख्यतः कागदांवर! (आमच्या भाषेत, डेटाबेसच उडवला.)

याचं एक मूळ चक्क अमेरिकेत. तिथल्या यादवीत (१८६१-६५) इथला कापूस महागला, सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळले, वर सरकारने सारा वाढवलेला. लिहिता न येणारा कुणबी खतावर नांगराची निशाणी करायचा. आत काय लिहिलंय ते सावकारालाच ठाऊक.

१८७९ च्या कायद्याने खत गावच्या निबंधकासमोर करणं आलं, कोर्टाला जुना हिशेब उकरता येऊ लागला.

होमलोनच्या कागदांवर मी किती सह्या ठोकल्या, देव जाणे. वाचलं एकही पान नव्हतं.