फ्रेझल व्हर्ब (रत्नागिरी परिसरातील इंग्रजी अध्ययनाच्या संदर्भात)

फ्रेझल व्हर्ब : क्रियापद आणि त्याच्या मागोमाग येणारे ‘अप’, ‘डाउन’, ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘ओव्हर’ यांसारखे अव्यय मिळून एकच अर्थ सांगणारी इंग्रजीतील शब्दजोडी. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर. ‘गिव्ह अप’ मात्र सोडून देणे, हार मानणे. घटकांच्या अर्थांची बेरीज करून हा अर्थ निघत नाही, म्हणून तो वेगळा शिकावा लागतो. मराठी माध्यमाच्या वर्गांत आणि शिकवण्यांत ‘फ्रेझल व्हर्ब’ हेच नाव चालते.

या जोड्या परक्यांना छळतात, हे इंग्रजी कोशकारांना फार पूर्वी कळले होते. सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत अव्ययामुळे अर्थ बदलणाऱ्या क्रियापदांचा मुद्दाम उल्लेख केला आणि परभाषकांची अडचण ओळखून ती क्रियापदे जमवली. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव रूढ झाले ते लोगन पिअर्सल स्मिथच्या 1925मधील पुस्तकामुळे. जुन्या इंग्रजीत असे अव्यय बरेचदा क्रियापदाच्या आधी, उपसर्गासारखे लागत असे. पुढे ते मागे सरकले. संस्कृत जाणणाऱ्याला यात नवल वाटू नये. एकाच ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार होतात, आणि जेवण व कत्तल यांतला फरक केवळ उपसर्ग ठरवतो.

मालगुंडचा धागा : रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला या विषयाची सर्वांत सोपी वाट इंग्रजी पुस्तकापेक्षा मराठी व्याकरणातून सापडते. गणपतीपुळ्यानजीकचे मालगुंड हे कवी केशवसुतांचे गाव म्हणून सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली प्रसिद्ध झाले. गावात स्मारक कवीचे झाले; वैयाकरण भाऊ अभ्यासकांपुरता उरला. त्या ग्रंथात ज्यांची चर्चा आहे ती संयुक्त क्रियापदे म्हणजे मराठीतला याच जातीचा प्रकार. ‘खाऊन टाक’ म्हणताना कोणी काही टाकत नाही. ‘विसरून बसला’ म्हणताना कोणी बसलेले नसते. ‘देऊन टाक’, ‘ऐकून घे’, ‘ठेवून दे’, ‘गमावून बसला’ यांत दुसऱ्या शब्दाचा मूळ अर्थ झिजून गेलेला असतो आणि पुरेपूरपणा, स्वतःसाठी करणे, पश्चात्ताप अशा छटा तेवढ्या उरतात. मराठी मुलाला हे कोणी यादी देऊन शिकवलेले नसते.

इंग्रजी ‘अप’ अनेकदा मराठी ‘टाकणे’चेच काम करतो. ‘ईट अप’ खाऊन टाकणे, ‘ड्रिंक अप’ पिऊन टाकणे, ‘टेअर अप’ फाडून टाकणे, ‘यूज अप’ वापरून संपवून टाकणे. ‘ऑन’ पुष्कळदा ‘राहणे’च्या जागी येतो : ‘टॉक ऑन’ बोलत राहणे, ‘वॉक ऑन’ चालत राहणे. हा मेळ सगळीकडे बसत नाही. ‘गेट अप’मधला ‘अप’ खरोखरच वर नेतो, आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूट सहन करणे, त्याला मराठीत असा जोडीदार नाही. तरीही ‘अप म्हणजे वर’ एवढ्यावर अडलेल्या मुलाला ‘खाऊन टाक’ची आठवण करून दिली की पन्नास जोड्या पाठ करण्याचा त्रास वाचतो.

शालेय व्याकरणातली एक कसोटीही इथे उपयोगी पडते. ‘आंबा खाऊन टाकला’ यात क्रिया एक, म्हणून संयुक्त क्रियापद. ‘आंबा खाऊन गेला’ यात क्रिया दोन, म्हणून नाही. इंग्रजीत ‘ही रॅन अप द हिल’ म्हणजे तो टेकडीवर धावत गेला. इथे ‘अप’ टेकडीशी बांधलेला आहे. ‘ही रॅन अप अ बिल’ म्हणजे त्याने उधारी वाढवून ठेवली. इथे ‘अप’ क्रियापदाशी बांधलेला आहे. दुसऱ्या वाक्यात ‘रॅन इट अप’ म्हणता येते. टेकडीबाबत तसे म्हणता येत नाही.

रोजच्या बोलीतील रूपे : इंग्रजी येत नाही असे सांगणारा रत्नागिरीकरही दिवसभरात यांतल्या कित्येक जोड्या बोलतो. एस.टी. घाटात ‘ब्रेकडाउन’ होते. दहावीच्या मुलांचा ‘सेंडऑफ’ असतो. निमंत्रणपत्रिकेवर ‘निरोप समारंभ’ छापलेले असले तरी बोलताना सेंडऑफच. सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि परक्या शब्दांऐवजी स्वकीय शब्द वापरण्याची भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी त्याच काळात चालवली. पत्रिकेवरचा शब्द आणि तोंडातला शब्द यांतले अंतर त्या शहरात आजही मिटलेले नाही. दवाखान्यात ‘चेकअप’, कॉलेज प्रवेशात ‘कटऑफ’, गणपतीपुळ्याच्या लॉजवर ‘चेकआउट’, कचेरीत अर्जाचा ‘फॉलोअप’.

सर्वांत गमतीचा शब्द ‘पिकअप’. हापूसच्या हंगामात पेट्या वाहून नेणारी छोटी मालवाहू मोटार म्हणजे पिकअप. ‘गाडीला पिकअप नाही’ म्हणजे चढावर इंजिन दम धरत नाही. ‘स्टँडवरून पिकअप कर’ म्हणजे येऊन घेऊन जा. तिन्ही अर्थ इंग्रजीतूनच आलेले, पण मराठीत ते नामाच्या रूपाने स्थिरावले आहेत. मराठी अशी जोडी गोठवून घेते आणि मागे करणे, घेणे, होणे लावते : फॉलोअप घेतला, वाइंडअप केले, ब्रेकडाउन झाली.

शिकणाऱ्याच्या चुकांचे मोठे मूळ इथे आहे. जोडी एकसंध नाम म्हणून कानावर पडल्यामुळे ती फुटू शकते हे त्याच्या ध्यानात येत नाही. कर्म सर्वनाम असेल, तर इंग्रजी ते बहुधा मध्ये घालते : ‘पिक हिम अप’, ‘टर्न इट डाउन’. विद्यार्थी मात्र ‘पिक अप हिम’ म्हणतो. कर्म नाम असेल तर दोन्ही रचना चालतात. ‘लुक आफ्टर’, ‘कम अक्रॉस’ यांसारख्या जोड्या मुळीच फुटत नाहीत, म्हणून ‘लुक आफ्टर हर’ हेच बरोबर. मराठीत ‘खाऊनच टाक’, ‘खाऊन तर टाक’ असा एखादा ‘च’ किंवा ‘तर’ मध्ये शिरतो, कर्म शिरत नाही. शिवाय काळाची खूण मराठीत दुसऱ्या शब्दावर असते, ‘खाऊन टाकला’. इंग्रजीत ती पहिल्यावर, ‘एट अप’. उच्चाराचीही बाब आहे. नामात जोर पहिल्या भागावर आणि क्रियापदात सहसा दुसऱ्यावर पडतो. मराठी तोंडातून दोन्ही सारखेच बाहेर पडतात.

‘बंद करणे’ या एका मराठी क्रियापदामुळे ‘क्लोज द लाइट’ आणि त्याच्या उलट ‘ओपन द फॅन’ अशी वाक्ये तयार होतात. दिवा-पंख्यासाठी ‘स्विच ऑन’ आणि ‘स्विच ऑफ’ हवे. दरवाजाला ते चालत नाही.

काही जोड्यांना भारतात वेगळाच अर्थ आला आहे. ‘गोगटे-जोगळेकरमधून पासआउट झालो’ हे रत्नागिरीत त्या महाविद्यालयातून पदवी घेतल्याचे वाक्य आहे. लंडनमध्ये ‘पास आउट’ म्हणजे सामान्यतः शुद्ध हरपणे. ‘व्हेअर डू यू पुट अप?’ हा आपल्याकडे राहत्या पत्त्याचा प्रश्न आहे; ब्रिटनमध्ये त्यातून फार तर तात्पुरता मुक्काम सूचित होतो. या रूपांना चूक ठरवण्याचे कारण नाही. ती भारतीय इंग्रजीची आहेत, आणि ती कुठे चालतात हे ठाऊक असले की पुरे.

औपचारिक पर्याय : बऱ्याच फ्रेझल व्हर्बला लॅटिन-फ्रेंच वळणाचा एक भारदस्त पर्याय असतो : ‘पुट ऑफ’ला ‘पोस्टपोन’, ‘पुट अप विथ’ला ‘टॉलरेट’, ‘पुट आउट’ला ‘एक्स्टिंग्विश’. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला हा भारदस्त शब्दच आधी येतो, कारण तो एका मराठी शब्दासमोर एक असा बसतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने वाक्यांची दोन्ही बाजूंनी भाषांतरे करून घेत कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकवले; तिने पाया पक्का केला, हे नाकारता येणार नाही. पण शब्दाला शब्द लावण्याच्या सवयीत या जोड्या निसटतात, आणि परिणामी अर्जातले इंग्रजी शुद्ध असते तर गप्पांमधले कचेरीतल्यासारखे वाटते. हिब्रू भाषक विद्यार्थी फ्रेझल व्हर्ब टाळून एकशब्दी पर्याय निवडतात, असे डॅगट आणि लाउफर यांनी 1985 साली दाखवले होते. मराठी वर्गातल्या कोणाही शिक्षकाला हे निरीक्षण परके वाटणार नाही.

शाळा आणि परीक्षा : राज्यात इंग्रजी पहिलीपासून शिकवण्यास 2000 साली सुरुवात झाली, त्याआधी मराठी शाळांत ती पाचवीपासून होती. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांसाठीचे कोकण विभागीय मंडळ रत्नागिरीतच आहे आणि दहावी-बारावीच्या उत्तीर्णांच्या टक्केवारीत हा विभाग वर्षानुवर्षे राज्यात पुढे असतो. या यशाचा फ्रेझल व्हर्बशी संबंध थोडा. अर्थ विचारला की घोकलेली यादी कामी येते, वापर मात्र बोलण्यातच तपासला जातो.

किती शिकाव्यात, याचे उत्तर आज बरेच नेमके देता येते. गार्डनर आणि डेव्हिस यांनी 2007मध्ये ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा इंग्रजीचा भाषासंग्रह तपासून दाखवले की वीस क्रियापदे आणि आठ अव्यये यांच्या जोड्यांत सर्व वापरांपैकी निम्म्याहून अधिक वापर सामावतो. ‘गो ऑन’, ‘कॅरी आउट’, ‘सेट अप’, ‘पिक अप’ या त्यांतल्या अग्रभागी. गार्नियर आणि श्मिट यांच्या 2015च्या यादीत 150 जोड्या व त्यांचे सर्वाधिक वापराचे अर्थ दिले आहेत. एका जोडीला सरासरी दोनच. बाजारातल्या जाडजूड यादीपेक्षा ही यादी आधी हाती घेणे शहाणपणाचे.

मोबाइलने अलीकडे नवी भर घातली. ‘साइन अप’, ‘लॉग इन’, ‘लॉग आउट’, ‘स्क्रोल डाउन’ हे शब्द हापूस ऑनलाइन विकणाऱ्या बागायतदाराच्या तोंडी सहज आहेत. लिहिताना तो ‘लॉगिन’ एकत्र लिहितो; इंग्रजीत नाम असेल तेव्हा तसेच लिहितात, क्रिया असेल तेव्हा दोन शब्द सुटे ठेवतात.