धुराची वाट

नगरचा इतिहास सांगायला बसले की सुरुवात भुईकोट किल्ल्यापासून होते. चांदबिबी येते, मलिक अंबर येतो, 1942 साली किल्ल्यात स्थानबद्ध झालेले पंडित नेहरू आणि त्यांचे सहकारी येतात. 'मलिक-ए-मैदान' तोफेचेही नाव कोणीतरी काढतोच. ही प्रचंड तोफ 1549 साली नगरलाच ओतली गेली. ओतणारा कारागीर रूमी, म्हणजे तुर्की मुलखातला होता. आज ती विजापूरच्या तटावर आहे. परंतु ज्या गावी एवढे मोठे धातूकाम झाले, त्या गावातला कारागिराचा हात पुढे कोणकोणत्या कामात रमला, याची विचारपूस फारसे कोणी करीत नाही. या लेखात मी अशाच एका क्षुल्लक समजल्या जाणाऱ्या वस्तूचा मागोवा घेणार आहे. ती वस्तू म्हणजे मोटारीच्या इंजिनातला धूर बाहेर नेणारी नळी.

तोफेचा विषय मी उगाच काढला नाही. तोफ आणि इंजिन ही एकाच कुळातली. सतराव्या शतकात, 1670 नंतरच्या दशकात, डच शास्त्रज्ञ हॉयगेन्स याने बंदुकीच्या दारूने दट्ट्या उचलण्याचा प्रयोग मांडला होता. पुढे 1876 साली जर्मनीत ओटोने चार टप्प्यांचे इंजिन चालवून दाखवले. तोफेत एकदा स्फोट झाला की वायू तोंडावाटे निघून जातो आणि काम संपते. इंजिनात तोच प्रकार मिनिटाला हजारो वेळा घडायचा असतो, म्हणून जळलेला वायू बाहेर गेल्याखेरीज ताजी हवा आत येऊ शकत नाही. घरात पाहुणे यायचे तर आधीच्यांनी उठायला हवे, तसेच हे.

मोटारींच्या कारखान्यांनी यावर पूर्वीपासून एक सोपा तोडगा काढला. चार सिलिंडरांची चार तोंडे बिडाच्या एका आखूड ओतीव पेटीत सोडायची आणि तिथून एक नळी मागे न्यायची. हिला मॅनिफोल्ड म्हणतात. ती स्वस्त, टिकाऊ आणि आटोपशीर असते. दोष एवढाच, की एका सिलिंडरचा धूर कधी कधी शेजाऱ्याच्या तोंडावर जाऊन धडकतो. चार तोंडांना चार स्वतंत्र, सारख्या लांबीच्या नळ्या लावून त्या पुढे एकत्र केल्या, तर हा दोष जातो. अशा जुडग्याला हेडर म्हणतात.

पण लांबी सारखीच का हवी? पाटाच्या पाण्यात ढेकूळ टाकला की लाट जाते, कडेला आपटते आणि परतते, हे आमच्या जिल्ह्यातल्या मुलांना सांगावे लागत नाही. धुराची झडप उघडताच नळीतही दाबाची एक लाट सुटते. नळी जिथे एकाएकी रुंद होते तिथून ती परत फिरते. मात्र परतताना ती दाब आणीत नाही, ओढ आणते. ती नेमक्या वेळी झडपेशी पोचली तर उरलासुरला धूर ओढून काढते. तापलेल्या वायूत लाटेचा वेग सेकंदाला सुमारे 500 मीटर धरला, तर मीटरभर नळीतून जाऊन येण्यास तिला सेकंदाचे 4 हजारांश लागतात. मिनिटाला 6,000 फेरे घेणाऱ्या इंजिनाचा दांडा तेवढ्यात 144 अंश फिरलेला असतो. म्हणजे नळी वीतभर लांब की आखूड, यावर इंजिनाचा स्वभाव बदलतो.

या विद्येचा कळस एका गरीब कारखान्यात झाला, हे विशेष. पूर्व जर्मनीतील झोपाऊ येथील एम. झेड. मोटारसायकल कारखान्यात वाल्टर काडेन हा अभियंता 1950 नंतरच्या दशकात टू-स्ट्रोक इंजिनांच्या धुराच्या नळ्या घडवीत होता. पैसा बेताचा, साधने बेताची. पुढे रुंदावत जाणारी आणि पुन्हा निमुळती होणारी पत्र्याची नळी त्याने इतकी सुधारली, की 1961 साली त्याच्या 125 सी.सी. इंजिनाने सुमारे 25 अश्वशक्ती दिली. त्याच वर्षी त्याचा शर्यतपटू एर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे पळाला आणि ती विद्या जपानच्या सुझुकीच्या हाती गेली. 1962 साली 50 सी.सी. गटाचे जगज्जेतेपद सुझुकीवर डेगनरनेच मिळवले.

त्यानंतर दहा वर्षांनी टू-स्ट्रोक इंजिन आमच्या घराघरांत आले. नगरचे कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे पुत्र हस्तीमल यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 साली 50 सी.सी.ची लूना बाजारात आणली. कंपनीचा कारखाना नगर-दौंड रस्त्यावर उभा राहिला. माझ्या लहानपणी मास्तर, पोस्टमन, दूधवाले सारे लूनावर. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेले असल्याने सायलेन्सरमध्ये काजळी साचे आणि लूना चढाला दम टाकी. मग रविवारी सायलेन्सर सोडवायचा, चुलीत भाजायचा, दांडक्याने ठोकून काजळी झाडायची आणि पुन्हा बसवायचा. सोमवारी तीच गाडी हलकी होऊन पळे. धुराची वाट मोकळी असली की इंजिनाला बळ येते, हा धडा आमच्या गल्लीने पुस्तकाविना घेतला.

घरी यंत्र घडवण्याचे वेडही महाराष्ट्राला नवे नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी 1949 पासून 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतःच्या हिमतीवर बांधली. ती विक्रीपर्यंत पोचली नाही. सगळी मोटार बांधणे एकट्याच्या आवाक्यातले नव्हेच. दट्ट्या, दांडा, झडपा यांना भट्टी आणि लेथ हवेत. धुराच्या नळीला मात्र आरी, गॅस आणि शाबूत डोळा पुरतो.

नगरच्या औद्योगिक वसाहतीत माझा एक जुना विद्यार्थी फॅब्रिकेशनची शेड चालवतो. शर्यतीसाठी तयार करायच्या एका जुन्या जिप्सीचे हेडर तो बांधत असताना मी दोन दिवस तिथे बसलो होतो. त्याने गॅस्केट 10 मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीवर ठेवून भोके आखली. नळीत चाळलेली, तव्यावर भाजलेली कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही टोकांना लाकडी गुट्टे मारले आणि लाल करून ती वाकवली. वाळूमुळे नळी चेपत नाही. वाळू ओली राहिली तर वाफेने गुट्टा गोळीसारखा उडतो. जाड तांब्याची तार प्रत्येक नळीच्या मध्यातून वळवून त्याने चौघींची लांबी जुळवली. सिलिंडर पेटतात 1-3-4-2 या क्रमाने, म्हणून 1 आणि 4 यांची एक जोडी, 2 आणि 3 यांची दुसरी, मग दोहोंची एक. बॅटरीच्या तारा सोडून, इंजिनावरच टाके मारून जुळणी केली. प्रत्येक नटाला पाना लागतो की नाही ते पाहिले. पक्के वेल्डिंग मात्र पट्टी एका निकामी हेडला आवळून केले, नाहीतर उष्णतेने ती केळीच्या पानासारखी वळली असती. शेवटी आतले मणी घासून काढले. गाडी सुरू झाली तेव्हा सायलेन्सर जागेवरच होता आणि आवाज बेताचा होता.

आवाजाचा मुद्दा मुद्दाम मांडतो, कारण आज हेडर म्हटले की लोकांना कर्कश मोटारसायकली आठवतात. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले, ते योग्यच झाले. परीक्षेच्या दिवसांत शाळेसमोरून अशी गाडी गेली की पोरांची मान पेपरातून वर होते. धुराचेही तसेच. 1 एप्रिल 2020 पासून देशभर भारत स्टेज-6 चे नियम लागू झाले. नव्या मोटारींत धूर शुद्ध करणारे पात्र बहुधा इंजिनाला खेटूनच असते. ते काढून हेडर लावणे म्हणजे शेजाऱ्याच्या फुप्फुसात हात घालणे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानेही नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई आहे. नव्या वाहनांचे नमुने तपासणाऱ्या, नियमांत नावानिशी नमूद असलेल्या संस्थांपैकी एक, वाहन संशोधन आणि विकास संस्था, आमच्या नगरचीच आहे. ज्या गावात सायलेन्सर चुलीत भाजले गेले, त्याच गावात आज धूर मोजला जातो.

तेव्हा रस्त्यावरच्या गाडीसाठी ही कला संपली, असेच म्हणावे लागते. शर्यतीच्या मैदानावर आणि अभियांत्रिकीच्या मुलांच्या स्पर्धेतील गाड्यांत ती थोडी तग धरून आहे. मला चिंता वाटते ती नळीची नव्हे, हाताची. रोडरोलर फिरताना दोन वेगळी माणसे एका नावाने चिरडली जातात: सायलेन्सर काढून फेकणारा आणि तारेने लांबी जुळवणारा. पहिल्याला दंड व्हावा. दुसऱ्याला काम मिळावे, आय.टी.आय.च्या कार्यशाळेत असा एक माणूस बसवला, तर वाळू भाजून नळी वाकवण्याचे ज्ञान दुधाच्या टाक्यांना, साखर कारखान्यांच्या नळांना उपयोगी पडेल.

2024 साली फिरोदियांच्याच घराण्याने लूना पुन्हा बाजारात आणली. ती विजेवर चालते. तिला धूर नाही, म्हणून धुराची वाटही नाही. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, आणि नव्या नावाच्या गावात वाढणाऱ्या मुलांना सायलेन्सर भाजणे म्हणजे काय ते सांगावे लागेल. विजापूरच्या तटावरची तोफ टिकली, कारण ती कांस्याची आणि अवजड होती. पत्र्याची नळी गंजून जाते. तिचा इतिहास कागदावरच ठेवावा लागतो.